दीड ग्रॅमची अंगठी

हमीभाव, रोजगार हमी, सहकार, सिंचनाचा अनुशेष हे विषय ह्या पानाचे, आणि साखरपुड्याच्या अंगठीचा विषय बायकांच्या मासिकांचा, अशी एक वाटणी आपल्या चळवळीत न ठरविताच ठरून गेलेली आहे. ही वाटणी पुरुषी आहे हे तर उघडच आहे; पण अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही ती टिकणारी नाही. नांदेड आणि लातूर ह्या दोन जिल्ह्यांत कोरडवाहू शेतकऱ्याच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराच्या किंवा तालुक्याच्या गावी कापडदुकानात नोकरी करणाऱ्या तरुणाच्या घरात रोख पैसे मोजून सोने घेण्याचा प्रसंग वर्षानुवर्षे येत नाही. तो येतो सोयरीक जुळल्यावर. आणि तेव्हा सराफाच्या पेढीवर पहिली मागितली जाते ती अंगठी. बेताच्या पैशात ती कशी घ्यावी, हा प्रश्न त्या घराला त्या आठवड्यात जगातील इतर सर्व प्रश्नांहून मोठा वाटतो. आमच्या मते तो खरोखरच मोठा आहे. कारण ज्याचा खिसा लहान त्याला तेच सोने अधिक महाग पडते, आणि ज्या कायद्याने त्याला सांभाळायचे तो कायदा नेमका त्याच्याच अंगठीपाशी येऊन थांबतो.

आधी रूढीविषयी थोडे. साखरपुडा ह्या शब्दात साखर आहे, पुडा आहे, सोने नाही. मुलीच्या हातात साखरेचा पुडा द्यायचा, कुंकू लावायचे, चार माणसांदेखत सुपारी फोडायची आणि शब्द दिला-घेतला असे मानायचे, एवढाच तो विधी. वधूवरांनी एकमेकांच्या बोटांत अंगठ्या घालाव्यात ही रीत शहरांतून, चित्रपटांतून आणि छायाचित्रकारांच्या आग्रहातून अलीकडच्या पिढ्यांत आपल्याकडे आली. हिऱ्याची अंगठी म्हणजे प्रेमाची खूण हे समीकरण तर डी बीअर्स ह्या हिरेव्यापारी कंपनीने गेल्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत अमेरिकेत जाहिरातींच्या बळावर पद्धतशीर रुजविले. पण रूढी नवी आहे एवढ्याने ती टाकाऊ ठरत नाही. सर्वांदेखत मुलाने मुलीचा आणि मुलीने मुलाचा हात हाती घ्यावा, हे आमच्या पिढीतील पुष्कळांच्या वाट्याला आले नाही. लग्न ठरल्यावरही आम्ही एकमेकांकडे चोरूनच पाहत होतो. ह्या रीतीत जे चांगले आहे ते चांगले म्हणावयास हरकत नसावी.

मराठवाड्यात ह्या विधीला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे यादीचा. दोन्हीकडची वडीलधारी माणसे बैठकीला बसतात आणि देण्याघेण्याची कलमे कागदावर उतरवितात. दुष्काळाच्या वर्षांनी ह्यातूनच ‘यादी पे शादी’ हा प्रकार रूढ केला: यादीच्याच दिवशी, त्याच मांडवात, त्याच जेवणावर अक्षता टाकून मोकळे व्हायचे. खर्च वाचविण्याचा हा शहाणा मार्ग आहे आणि आपल्या कार्यकर्त्यांनी त्याचा पुरस्कार केलाच पाहिजे. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ह्या प्रकारात दुसरे जेवण टळते, वाजंत्री टळते, गाड्या टळतात. अंगठी टळत नाही. किंबहुना बाकी सारे आटोपते घेतले म्हणून अंगठीवर दोन्हीकडच्या नजरा अधिकच खिळतात.

आता भावाकडे वळू. २०२५ च्या एप्रिलमध्ये चोख सोन्याने दहा ग्रॅमला एक लाख रुपयांची रेषा ओलांडली, आणि त्याच वर्षीच्या दिवाळीत भाव सव्वा लाखाच्याही पलीकडे गेला. (दहा ग्रॅमला आपण तोळा म्हणतो ही सवयीची गोष्ट. जुना तोळा बारा माशांचा, म्हणजे शहाण्णव गुंजांचा, ११.६६ ग्रॅमचा. शब्द तोच राहिला आणि आतले सोने दीड ग्रॅमहून अधिक घटले, हे कुणाच्या फारसे लक्षात आले नाही.) रुपयांतील आकडे ऐकून शहरी माणूस हळहळतो, पण शेतकऱ्याने सोने रुपयांत मोजूच नये, क्विंटलांत मोजावे. २०१० साली सोने दहा ग्रॅमला साडेअठरा हजारांच्या आसपास होते आणि सोयाबीनचा हमीभाव १,४४० रुपये होता. म्हणजे तेरा क्विंटल सोयाबीन विकले की तोळा घरात येई. २०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये; लाखाच्या भावाने तोळ्याला वीस क्विंटलांहून अधिक सोयाबीन मोजावे लागले. तेही हमीभाव मिळाला असे धरून. त्या हंगामात लातूरच्या बाजार समितीत बहुतेक दिवस भाव त्याच्या खालीच राहिला, हे तेथे माल घेऊन गेलेल्या वाचकांना सांगावयास नको. कोरडवाहू रानात एकरी पाच-सहा क्विंटल पिकले तर तोळाभर सोने म्हणजे साडेतीन-चार एकरांचे अख्खे पीक झाले. त्यातून बियाणे, खत, फवारणी आणि मळणी वजा करावयाची अजून बाकीच आहे. शिवाय पीक हाती आले तर. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील अतिवृष्टीने मुखेडपासून अहमदपूर-निलंग्यापर्यंत उभी सोयाबीन पाण्यात गेली, त्या घरांतही त्या वर्षी मुली लग्नाच्या होत्याच.

मग पैसा येतो कोठून? सोने विकत घेण्यासाठी बँकांनी कर्ज देऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे, आणि परकीय चलनाचा विचार करता तो योग्यही आहे. पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा की कंधार-जळकोटच्या डोंगरपट्ट्यातला मजूर मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून अंगठी घेतो; लहान शेतकरी पीककर्जाचे पैसे तिकडे वळवितो; घरातील बाई बचत गटाच्या किंवा आठवड्याला हप्ता गोळा करणाऱ्या वित्तकंपनीच्या नावाने कर्ज उचलते. कागदावर म्हैस असते, बोटात अंगठी असते. आणि पुढल्या पेरणीला पैसा कमी पडला की तीच अंगठी तारण ठेवायला जाते. सोने घ्यायला कर्ज नाही, सोने ठेवून घ्यायला मात्र शहरातील रस्त्यारस्त्यावर दुकाने, हे आपल्या पतव्यवस्थेचे मोठे मार्मिक चित्र आहे.

येथवरचा भाग महागाईचा. तो सर्वांना सारखाच लागू आहे, असे कुणी म्हणेल. तो सारखा लागू नाही, हे दाखविण्यासाठी एक हिशेब मांडतो. वाचकांनी पेन्सिल घेऊन तो ताडून पाहावा; आयुष्यभर वर्गात आकडेमोड करविल्याने ही सवय सुटत नाही.

समजा, भाव तोळ्याला बरोबर एक लाख आहे. बावीस कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोने. तेव्हा बावीस कॅरेटचा एक ग्रॅम ९,१६० रुपयांचा झाला. एक गृहस्थ पाच ग्रॅमची साधी, हॉलमार्क असलेली अंगठी घेतात. सोने ४५,८०० रुपयांचे, घडणावळ दहा टक्के म्हणजे ४,५८०, त्यावर तीन टक्के वस्तू व सेवा कर १,५११. एकूण ५१,८९१ रुपये. उद्या अडचण आली आणि सराफाने घट न धरता ती मोडीत घेतली तर ४५,८०० रुपये हाती येतील. नुकसान ६,०९१ रुपये, शेकडा बारा.

दुसरे गृहस्थ पंधरा-सोळा हजार रुपये घेऊन गेले आहेत. त्यांना दीड ग्रॅमची अंगठी दाखविली जाते. एवढ्या हलक्या अंगठीला टक्केवारीने घडणावळ लावणे कारागिराला परवडत नाही, कारण दीड ग्रॅमला आणि पाच ग्रॅमला हात जवळजवळ तेवढाच लागतो. तेव्हा नगावर दीड हजार रुपये मजुरी धरली जाते. ती शेकडा अकरा झाली. अंगठी नुसती तार वाटू नये म्हणून वर एक खडा बसविलेला असतो. खडा काचेचा, वजनाने ०.२ ग्रॅम, पण तागडीत तो सोन्याबरोबरच बसतो आणि सोन्याच्याच दराने मोजला जातो. सोने १३,७४०, मजुरी १,५००, कर ४५७. एकूण १५,६९७ रुपये. आता धरा की अंगठी बावीसऐवजी अठरा कॅरेटचीच निघाली, जे हॉलमार्क नसताना डोळ्यांना कळत नाही. मोडीच्या वेळी खडा काढून १.३ ग्रॅम उरते आणि अठरा कॅरेटच्या भावाने त्याचे ९,७५० रुपये होतात. नुकसान ५,९४७ रुपये, शेकडा अडतीस.

दोन्ही नुकसानींचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. पहिल्या गृहस्थाने साडेतिपटीहून अधिक सोने नेले आणि दुसऱ्याने जवळजवळ तेवढेच पैसे गमावले. ह्यात प्रत्येक वेळी सराफाची लबाडीच असते असे आमचे म्हणणे नाही. नांदेडच्या सराफ्यात आणि लातूरच्या गंजगोलाईजवळच्या सराफ लाईनीत पिढ्यानपिढ्या चोख व्यवहार करणारी घरे आहेत. खड्याचे वजन वेगळे लिहून देणारी आहेत. पण गिऱ्हाइकाचे रक्षण विक्रेत्याच्या सज्जनपणावर सोडायचे नसते, म्हणून तर कायदा करायचा. आणि येथेच खरी मेख आहे.

सोन्याच्या दागिन्यांवर शुद्धतेचा शिक्का मारण्याची योजना भारतीय मानक ब्यूरोने २००० साली ऐच्छिक म्हणून सुरू केली. जानेवारी २०२० च्या आदेशाने ती सक्तीची ठरली, जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत तिची अंमलबजावणी सुरू झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने जिल्हे वाढविण्यात आले. १ एप्रिल २०२३ पासून ब्यूरोची त्रिकोणी खूण, शुद्धतेचा आकडा आणि प्रत्येक नगाचा स्वतंत्र सहा अंक-अक्षरांचा क्रमांक, असे तिन्ही त्यावर असावे लागतात. तो क्रमांक मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ ह्या ॲपमध्ये घालून कुणालाही ताडून पाहता येतो. शुद्धता कमी निघाली तर जेवढी तूट तिच्या दुप्पट रक्कम आणि वर तपासणीचा खर्च गिऱ्हाइकाला देण्याची तरतूद ब्यूरोच्या २०१८ च्या नियमांत आहे. शिक्क्याचा खर्च नगामागे अवघा ४५ रुपये आणि त्यावरील कर. इतका चांगला कायदा ग्राहकांसाठी आपल्याकडे क्वचितच झाला असेल. मात्र त्याच आदेशात अपवादांची एक यादी आहे आणि तीत एक लहानसे कलम आहे: दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूला ही सक्ती लागू नाही.

हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नाकातली चमकी, कानातली बारीक फुली, मंगळसूत्रातला सुटा मणी असणार. त्यांवर शिक्का उमटवायला जागा नसते, हे मान्य. पण अपवाद वस्तूच्या जातीवर न ठेवता वजनावर ठेवला, आणि सोने तोळ्याला तीस हजारांवरून लाखावर गेल्यावर गरिबाची अंगठी आपसूक त्या रेषेखाली सरकली. पूर्वी तीन ग्रॅमची अंगठी घेणारा आता दीड ग्रॅमवर आला. त्याच्याबरोबर कायदा खाली उतरला नाही. पन्नास हजारांच्या अंगठीला राज्याची हमी आणि पंधरा हजारांच्या अंगठीला गिऱ्हाइकाचे नशीब, अशी ही वाटणी होऊन बसली आहे.

ह्यातून वाट काढण्याचा एक उपाय आजच्या कायद्यातच आहे, तो म्हणजे कॅरेट उतरविण्याचा. चौदा कॅरेटमध्ये हजारी ५८५ भाग सोने असते. वरच्याच भावाने सव्वादोन ग्रॅमची चौदा कॅरेटची अंगठी १३,१६३ रुपयांच्या सोन्यात होते, म्हणजे बावीस कॅरेटच्या दीड ग्रॅमपेक्षाही कमी पैशात. ती अधिक टणक असते, रोजच्या कामात वाकत-झिजत नाही, आणि दोन ग्रॅमची रेषा ओलांडल्यामुळे तिला शिक्का मारणे भाग पडते. अडचण एकच. मराठवाड्यातील पुष्कळ पेढ्यांवर चौदा कॅरेटचा माल ठेवतच नाहीत आणि मोडीला घेतानाही नाक मुरडतात, तेव्हा घेण्यापूर्वीच परत घेण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी लागेल.

चौदा कॅरेट म्हटल्यावर जुन्या वाचकांना १९६३ साल आठवेल. चीनच्या आक्रमणानंतर अर्थमंत्री मोरारजी देसाई ह्यांनी सुवर्ण नियंत्रण आणले आणि चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी केली. देशाला परकीय चलन वाचवायचे होते, हेतू वाईट नव्हता. परंतु परिणाम झाला तो सोनारांवर. हजारो कारागिरांच्या भट्ट्या विझल्या, कित्येकांनी जिवाचे बरेवाईट करून घेतले. लोकांनी मात्र ते चौदा कॅरेट स्वीकारलेच नाही. १९६६ मध्ये ती अट मागे घ्यावी लागली, १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदाही अखेर १९९० मध्ये रद्द झाला. त्या वेळी जे शासनाच्या दंडुक्याने झाले नाही ते आता भावाने करून दाखविले आहे. २०२५ च्या जुलैमध्ये तर नऊ कॅरेटलाही, म्हणजे हजारी ३७५ भागांनाही, हॉलमार्कच्या श्रेणीत जागा मिळाली, आणि त्याविरुद्ध एकही मोर्चा निघाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

ह्या सर्व चर्चेत गावच्या सोनाराला खलनायक करू नये, अशी आमची कार्यकर्त्यांना विनंती आहे. वर्षाला चाळीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या विक्रेत्यांनाही सक्तीतून सूट आहे, आणि ती सूट आज एका रात्रीत काढली तर फायदा होईल तो वातानुकूलित दालने उघडून बसलेल्या साखळी दुकानांचा. साच्यातून निघणाऱ्या यंत्राच्या मालाने सोनाराचे निम्मे काम आधीच नेले आहे. त्याला तपासणी केंद्र जवळ हवे; देगलूरच्या माणसाने एका अंगठीसाठी दिवस मोडून जिल्ह्याच्या ठिकाणी जावे, ही अपेक्षा गैर आहे. तालुक्याला केंद्र आधी, सूट काढणे नंतर, हा क्रम ठेवला पाहिजे. दोन ग्रॅमची सूट मात्र मोठ्या पेढ्यांनाही आहे, आणि ती ठेवण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.

येथवर आपण अंगठी एक धरली. साखरपुड्यात त्या दोन असतात, हे विसरून चालणार नाही. नवरदेवाची अंगठी मुलीच्या बापाने करायची आणि मुलीची मुलाकडच्यांनी. ह्या दोहोंचे वजन सारखे का नसते, हा प्रश्न यादीच्या बैठकीत विचारण्याची कुणाची छाती होत नाही. नवरदेवाला अर्धा तोळा हे कलम ठरल्यासारखे असते. मुलीच्या अंगठीचे वजन बहुधा कागदावर लिहिलेच जात नाही, ते ‘आमच्याकडून जे होईल ते’ ह्या सदरात जाते, आणि जे होते ते बहुतकरून दोन ग्रॅमच्या आतले असते. म्हणजे शिक्का असलेली, मोडीला पूर्ण भाव देणारी अंगठी मुलाच्या बोटात, आणि शिक्का नसलेली, खड्याची, अडतीस टक्के नुकसानीची अंगठी मुलीच्या बोटात. स्त्रीधन ज्याला म्हणायचे ते तिच्या वाट्याचे सोनेच कायद्याच्या संरक्षणाबाहेर राहते. वजनाच्या त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या कलमाचा भार शेवटी कुणावर पडतो हे त्यावरून दिसावे.

हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. त्याखालच्या १९८५ च्या नियमांनी वधूवरांना मिळालेल्या भेटवस्तूंची, त्यांच्या अंदाजे किमतीची आणि देणाऱ्यांच्या नावांची लेखी यादी ठेवून तिच्यावर सह्या करण्यास सांगितले आहे. गंमत अशी की यादी लिहिण्याचा आमच्या प्रदेशाला मुळीच कंटाळा नाही. फक्त कायद्याची यादी स्वखुशीने दिलेल्याची असते, आमची आधीच मागितलेल्याची असते. आणि म्हणून पहिली कुणी ठेवत नाही व दुसरी लग्नानंतर फाडून टाकली जाते. २०१७ च्या एप्रिलमध्ये लातूर तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या तरुण मुलीने, आपल्या लग्नाचा भार बापाला पेलवत नाही ह्या दुःखात आपले जीवन संपविले. ती बातमी महाराष्ट्रभर छापून आली, पुढाऱ्यांनी भेटी दिल्या. ते चार दिवस सरले आणि याद्या पूर्ववत लिहिल्या जाऊ लागल्या.

आता ह्या दोन अंगठ्यांचा हिशेब वेगळ्या रीतीने करून पाहा. वर मांडलेल्या भावाने नवरदेवाची पाच ग्रॅमची आणि मुलीची दीड ग्रॅमची मिळून दोन्ही घरांचे ६७,५८८ रुपये जातात. त्याऐवजी दोघांनाही अठरा कॅरेटच्या, बिनखड्याच्या, अडीच-अडीच ग्रॅमच्या सारख्या अंगठ्या केल्या तर एकीचे सोने १८,७५० रुपयांचे, दहा टक्के घडणावळ आणि तीन टक्के कर धरून २१,२४४. दोहोंचे ४२,४८८ रुपये. पंचवीस हजार रुपये वाचले, म्हणजे हमीभावाने पाच क्विंटल सोयाबीन घरात राहिले. मुलीच्या बोटात एक ग्रॅम वजन अधिक आले, दोन्ही अंगठ्यांवर शिक्का आला, आणि मुलीच्या बापाचा खर्च निम्म्याहून खाली आला. हा हिशेब न पटण्याचे एकच कारण असू शकते, आणि ते सोन्याशी संबंधित नाही. मुलाकडच्यांच्या मानाशी आहे.

ज्यांना एवढेही झेपत नाही त्यांनी वेढणीचा विचार करावा. नुसत्या सोन्याच्या तारेचा वेढा; त्याला खडा नाही, डाख नाही, घडणावळ नाममात्र. आपल्या आज्या दसऱ्याला गुंज-दोन गुंज जमवीत वेढणी करून घेत आणि बोटातच घालून शेतात जात. दोन ग्रॅमच्या आतली असली तरी तीत लपवायला जागा नसते, आणि ठराविक शुल्क भरून तपासणी केंद्रावर कुणालाही ती तपासून घेता येते. छायाचित्रात ती उठून दिसत नाही हे खरे. सराफाकडे महिन्याला हप्ता भरून अंगठी जमविण्याच्या ज्या योजना असतात त्यांत भरलेला पैसा वर्षाच्या आत वस्तूच्या रूपाने परत मिळाला पाहिजे, आणि प्रत्येक हप्त्याची पावती हवी. तोंडी भिशीत पैसा अडकवू नये. ‘एक ग्रॅम सोन्याची’ म्हणून जी चकचकीत अंगठी दुकानात दिसते ती मुलामा दिलेली असते. ती दोघांनी समजून-उमजून घातली तर त्यात कमीपणा काहीच नाही. कमीपणा आहे तो ती खरी म्हणून घातली जाण्यात.

आपल्यातील काही मित्र ह्यावर म्हणतील की अंगठीच नको. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक पद्धतीची साधी लग्ने लावून दाखविली, गाडगेबाबांनी कर्ज काढून सण-लग्ने करू नका म्हणून गावोगाव कीर्तने केली, मग आपण अंगठीचे वजन काय सांगत बसलो आहोत? हा आक्षेप आदरणीय आहे आणि ज्या जोडप्याला अंगठीविना शब्द देता येतो त्याचे आम्ही अभिनंदनच करू. परंतु दरमहा पहिल्या तारखेला ज्याचे निवृत्तिवेतन बँकेत जमा होते त्याने, आयुष्यात एकदाच सोन्याला हात लावू पाहणाऱ्या मुलीला त्यागाचे महत्त्व सांगावे, हे आम्हांला जमणारे नाही. तिला अंगठी हवीशी वाटते ह्यात काही पाप नाही. ती तिला फसवणुकीविना, कर्जाविना आणि बरोबरीच्या नात्याने मिळावी, एवढीच मागणी आहे, आणि ती राजकीय मागणी आहे.

म्हणून दोन कामे सुचवितो. पहिले बैठकीतले. आपले पुष्कळ कार्यकर्ते गावात मध्यस्थ म्हणून यादीला बोलावले जातात. त्यांनी अंगठीचे कलम आले की दोन्ही अंगठ्यांचे वजन आणि कॅरेट एकच लिहावे, असा आग्रह धरावा, आणि तसे न झाल्यास त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करू नये. दुसरे काम शासनदरबारचे. दोन ग्रॅमच्या सवलतीतून अंगठी हा प्रकार वगळावा, असे निवेदन केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याकडे आणि दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांकडे जावयास हवे. नुसत्या निवेदनाला कुणी विचारत नाही, त्याला पुरावा लागतो. तुळशीची लग्ने लागून तिथी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक तालुक्यातून दोन ग्रॅमच्या आतल्या अंगठ्यांच्या शंभर तरी पावत्या गोळा कराव्यात: एकूण वजन, खड्याचे वजन वेगळे लिहिले आहे की नाही, कॅरेट काय लिहिले आहे, मजुरी किती लावली, पावती पक्की आहे की चिठ्ठीवरची. ज्यांनी अशी अंगठी मोडली असेल त्यांच्याकडून मोडीला काय मिळाले तेही लिहून घ्यावे. पावतीवरील नाव झाकून छायाप्रत काढली तरी चालेल.